ठमीची हजेरी

पहिली गोष्ट खटकली ती सफाळ्यात, बाबांच्या शाळेबाहेर, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात. आणि ती एवढीशी होती की बाबांनी ती हसण्यावारी नेली.

बाबांची शाळा बघून झाली होती. बाबा म्हणजे धीरज सावे, मूळचे दातिवऱ्याचे, पण आता सव्वीस वर्षं मस्कतचे. त्यांनी शाळेत शिरल्या शिरल्या घंटेवर टोला हाणला, शिपायाची बोलणी खाल्ली, ज्या खांबापाशी अंगठे धरून उभं राहायचे त्या खांबाला मिठी मारून फोटो काढून घेतला आणि हेडमास्तरांना चहा पाजायला लावला. सगळं कसं खुशीत झालं. मग गाडीत येऊन बसले. पुढच्या सीटवर मामानं दिलेले नारळ आणि केळ्यांचा घड होता, म्हणून चारुता मागे, डाव्या खिडकीशी. बाबांनी आरसा नीट केला आणि मागे न बघताच विचारलं,

"जयू, बसलीस का गं?"

"बसले."

दार लागल्याचा आवाज झाला. गाडी निघाली.

चारुता मोबाइलवर फोटो चाळत होती. आवाज तिच्या शेजारूनच आला होता, जरासा नाकातला, तोंडावर कापड धरून बोलावं तसा. तिनं मान वर केली नाही. पण घशात कुसळ अडकावं तसं काहीतरी अडकलं, आणि रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबेपर्यंत तिला कळेना की ते काय आहे. मग कळलं. आई लगेच बोलली होती.

आई कधी लगेच ओ देत नसे. मस्कतच्या त्या दोन खोल्यांच्या घरातसुद्धा तिला तीनतीनदा हाक मारावी लागे. पहिल्या हाकेला तिचा हात थांबायचा, दुसरीला मान वर व्हायची, आणि तिसरीला कधीमधी "काय?" यायचं. चारुता सात वर्षांची असताना तापानं फणफणलेली, आई आई म्हणून हाका मारत होती आणि आई दारातच उभी होती, ओढणीचा बोळा तोंडावर धरून. ओ देत नव्हती. चारुता ते विसरली नव्हती. पुण्याला कॉलेजात गेली, परत आली, नोकरीला लागली, तरी नाही. दारावरची बेल वाजली तरी दचकणारी ही मुलगी अशी का झाली म्हणून नातेवाईक हसत. तिला वाटे, हाक मारल्यावर पलीकडे कोणी आहे की नाही हेच जिला ठाऊक नसतं ती दुसरं काय करणार?

तिनं शेजारी बघितलं. सीट रिकामी होती.

तेवढ्यात फोन वाजला. "अगं, गेलात कुठे तुम्ही?" आई म्हणत होती. "मी नळावर हात धूत होते..."

बाबा हसून हसून स्टिअरिंगवर आडवे झाले. "वा रे वा! बायकोला सासरी टाकून चाललो होतो! चारू, तूच 'बसले' म्हणालीस ना? आईचा आवाज काढून?"

"मी नाही म्हटलं, बाबा."

"मग काय केळ्यांनी म्हटलं?"

गाडी वळवून परत गेले तेव्हा आई शाळेच्या भिंतीलगत सावलीत उभी होती. बाबांनी सगळा किस्सा रंगवून सांगितला. आई हसली नाही. आत बसली आणि खूप वेळानं, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, चारुताच्या कानाशी वाकून तिनं विचारलं,

"लगेच आला?"

"काय?"

"आवाज. त्यांनी हाक मारल्यावर... लगेच आला का गं?"

"हो."

आईनं मधली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ती दाराला चिकटून बसली. दोघींच्या मधे एका माणसाची जागा सुटली. छोट्या माणसाची.

"धीरज," ती म्हणाली, "माझी शाळा राहू दे. बंदच आहे ती. परत फिरू."

"बंद आहे म्हणूनच बघायची. पटसंख्या गेली, आता मार्चनंतर पाडणारेत." बाबांचा आवाज अजून हसरा होता, पण खाली जुनी धार होती. "सव्वीस वर्षं ऐकतोय, पुढच्या वेळी जाऊ, पुढच्या वेळी जाऊ. दर वेळी तात्यांच्या तब्येतीचं निमित्त. आता काल वर्षश्राद्धसुद्धा झालं त्यांचं. आता कुणाचं निमित्त?"

तात्या म्हणजे आईचे वडील. गेल्या डिसेंबरात गेले. घिवलीच्या अलीकडच्या गावात त्यांची वाडी होती, नारळीची, पानवेलींची, मोगऱ्याची. मामानं ती कधीच विकली आणि पालघरला फ्लॅट घेतला. काल तिथेच श्राद्ध झालं. पिंडाला कावळा पटकन शिवला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं होतं. आईला नाही.

"तात्या होते म्हणून नाही," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तात्या होते तोवर जाता येत नव्हतं." ते बाबांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

पालघरला बाबांचा वर्गमित्र भेटला, जेवण लांबलं. बोईसरला पोहोचेपर्यंत साडेतीन वाजले आणि कंपन्यांची पाळी सुटली होती. बसगाड्या, रिक्षा, डबे लटकवलेल्या सायकली, आणि त्या सगळ्यावर नाकाच्या मुळाशी चुरचुरणारा तो आंबट वास. आईला मळमळायला लागलं म्हणून तिनं आपल्या बाजूची काच खाली केली होती. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. एक मोटारसायकलवाला खिडकीला खेटून आला, हेल्मेट वर करून आईला म्हणाला,

"आंटी, बच्ची का हाथ अंदर लो. कट जाएगा."

आणि गर्दीत घुसून निघूनही गेला.

आईचे दोन्ही हात पर्सवर होते. तिनं काच वर केली. काच वर चढताना शेवटच्या बोटभर फटीशी क्षणभर अडली, जशी मधे काही असल्यावर अडते, आणि मग बंद झाली.

"आई..."

"काही बोलू नकोस," आई म्हणाली. "इथे नको."

बोईसर मागे पडलं. रस्ता समुद्राकडे वळला तशी हवा बदलली. सुकत घातलेल्या मासळीचा वास, ताडांची रांग, आणि दूर, तारापूरच्या बाजूला, अणुवीज प्रकल्पाची ती उंच धुरांडी, ज्यांतून धूर कधी निघताना दिसत नाही. पाच होऊन गेले होते. डिसेंबरातलं ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

शाळा गावाच्या टोकाला होती. कौलारू, लांबट, तीन खोल्यांची, आणि मागच्या बाजूनं थेट वाडीला लागलेली. ओट्यावर एक म्हातारा चिंचा फोडत बसला होता. शाळेचा जुना शिपाई, नरहरी. शाळा बंद झाली तरी किल्ली त्याच्याकडेच राहिली होती.

त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "तात्यांची जयवंती ना तू?"

"हो, नरहरीकाका."

"आलीस एकदाची." त्यात लेक माहेरी आल्याचं कौतुक नव्हतं. त्यानं कोयता खाली ठेवला आणि कनवटीची किल्ली काढली. "तात्या गेल्यावर येशील असं वाटलंच होतं मला."

बाबांना गावातल्या कोणीतरी सांगितलं की घिवलीच्या किनाऱ्यावर आत्ताच होड्या लागल्यात, ताजे बोंबील मिळतील. बाबा तसे भोळे. "तुम्ही मायलेकी बघा निवांत. मी अर्ध्या तासात आलो," म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. धुरळा खाली बसला. मग एवढी शांतता झाली की वाडीच्या पलीकडून समुद्र ऐकू यायला लागला.

नरहरीनं मधल्या खोलीचं कुलूप काढलं. आत बाकांवर वटवाघळांची घाण, भिंतीवर उडालेले पाढे, आणि मास्तरांच्या टेबलावर जुन्या वह्यांचा गठ्ठा. "हजेरीपटं हायत," नरहरी म्हणाला. "पेटीत सापडली. लोक येतात, आपलं नाव हुडकतात, फोटो काढतात. तुझं बी असंल." मग दारातच थांबून तो चारुताकडे वळला. "पोरी, एक सांगून ठेवतो. हितं नाव घेऊन हाक मारायची नाय कुनाला. या शाळेत हजेरी मोठ्यानं घेत नाय. चाळीस वर्सं झाली. बाई आल्या, मास्तर आले, सगळी डोकी मोजून लिवायची. नाव घ्यायचं नाय."

"का?" चारुतानं विचारलं.

नरहरीनं आईकडे बघितलं. "हिला इचार," म्हणाला. "दिवाबत्ती करून येतो." आणि गेला.

आई मास्तरांच्या टेबलाकडे फिरकली नाही. सरळ शेवटच्या बाकाकडे गेली. त्या बाकाशेजारी खिडकी होती आणि खिडकीतून वाडी दिसत होती. माजलेलं रान, वाळलेल्या झावळ्या, आणि त्यांच्यामधे बावीचा कठडा, त्यावर मोडका रहाट. तात्यांची बाव. वाडीचं सगळं पाणी त्याच बावीचं.

आईनं बाकाच्या डाव्या टोकावरची धूळ पुसली आणि तिथे बसली. उजवं टोक तिनं तसंच ठेवलं.

"इथे कोण बसायचं?" चारुतानं विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"ठमी."

आणि मग आई बोलायला लागली, ती खिडकीकडे बघूनच. मधेच थांबायची, जणू शब्द कोणीतरी विहिरीतून ओढून वर काढतंय आणि दोर हातातून निसटतोय.

ठमी डोंगराकडची. तिचा बाप झिपरू, दिवाळी झाली की बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा, तो पाऊस तोंडावर आल्यावर परतायचा. पोरीला कुठे नाचवायची म्हणून तात्या म्हणाले, ठेव माझ्याकडे, शाळेत घालतो. गावात तात्यांचं नाव झालं. ठमी आईच्या वर्गात आली, पाचवीत, आईच्याच बाकावर. पण मोगऱ्याला पाणी द्यायचं असायचं, पानं खुडायची असायची, बाजाराच्या दिवशी करंड्या भरायच्या असायच्या. शाळेची घंटा व्हायची तेव्हा ठमी बावीवर असायची.

"लागोपाठ गैरहजर राहिली की नाव कापायचे," आई म्हणाली. "नाव कापलं असतं तर तात्यांची लाज गेली असती. मग तात्या म्हणाले, जयू, तिची हजेरी तू लाव. गुरुजींना लांबचं दिसायचं नाही. आम्ही शेवटच्या बाकावर. माझं नाव सतरावं, तिचं अठरावं. मी माझ्या आवाजात 'हजर' म्हणायचे. मग फ्रॉकची बाही तोंडावर धरायची, जरा नाकात बोलायचं..."

चारुताला ओढणीचा बोळा आठवला. आणि सकाळचं ते "बसले."

"तिला गंमत वाटायची. इथून खिडकीतून मी हात करायचे, ती तिथून रहाट सोडून हात करायची. म्हणायची, जयू, तू नसशील तेव्हा मी तुझी लावीन हां. मला पण येतो तुझा आवाज." आई हसल्यासारखी झाली आणि ते हसू तोंडावरच वाळून गेलं. "जानेवारीत एके दिवशी मी 'हजर' म्हटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. रहाट नुसताच हलत होता. ती दिसली नाही."

बाहेर ऊन गेलं होतं. खोलीत कोपऱ्याकोपऱ्यातून अंधार पुढे सरकायला लागला होता, आणि त्याच्याबरोबर एक वास, ओल्या दोराचा, शेवाळाचा. दुपारी नव्हता तो.

"मग?"

"घरी गेले. ठमी कुठे म्हणून विचारलं. तात्या जेवत होते. म्हणाले, आहे कुठेतरी. तू उद्या तिची हजेरी लाव. उद्या लावली. परवा लावली. तात्या रोज विचारायचे, लावलीस? मी म्हणायचे, लावली. दोन-तीन दिवसांनी बाव उपसायला माणसं आणली, रात्रीतून. मला म्हणाले उंदीर पडलाय. तरी हजेरी चालूच. अठरा दिवस, चारू. अठरा दिवस मी तिच्या नावानं हजर म्हणत होते."

"तुला... माहीत नव्हतं ना, आई?"

आईनं बाकाची कड नखानं खरवडली. "नाय," म्हणाली, आणि हे 'नाय' मस्कतला चारुतानं कधी ऐकलं नव्हतं. मग आईनं मान हलवली. "माहीत होतं. विचारलं नाही एवढंच. अठराव्या दिवसानंतर तात्या चार दिवस लग्नाला डहाणूला गेले आणि म्हणाले, आता लावू नकोस. जूनमध्ये झिपरू आणि तिची आई परत आली. तात्यांनी त्यांना इथे आणलं, गुरुजींना हजेरीपट काढायला लावला. म्हणाले, बघा. एकोणतीस तारखेपर्यंत पोरगी रोज शाळेत. मी गावात नव्हतो तेव्हा पळाली कुणाबरोबर. बारा वर्षांची पोरगी! आणि झिपरूला वाचता येत नव्हतं. त्यानं त्या ह-ह-ह वर बोट फिरवलं आणि हात जोडले. तात्यांचे आभार मानले त्यानं."

तिनं पहिल्यांदा चारुताकडे बघितलं. "ज्याची हजेरी दुसरं कोणी लावतं ना, त्याला कोणी शोधत नाही."

हाताला काहीतरी हवं म्हणून चारुता टेबलाशी गेली. वरचाच पट पाचवीचा होता. मोबाइलचा उजेड पाडून तिनं जानेवारीचं पान काढलं. सतरा, चुरी जयवंती हरिश्चंद्र. अठरा, वरठा ठमी झिपरू. दोन्ही ओळींत निळ्या शाईचे ह, एकाखाली एक, एकोणतीस तारखेपर्यंत. मग ठमीच्या ओळीवर तांबडी रेघ, नाव कमी केले. पुढे फेब्रुवारी. मार्च.

"तू तर एक दिवस चुकली नाहीस शाळा," ती म्हणाली. काहीतरी साधं बोलायचं म्हणून.

"म्हणजे?"

"फेब्रुवारी पूर्ण हजर. मार्च पूर्ण."

आई बाकावरून उठली. "मी नव्हते."

"इथे लिहिलंय..."

"मी नव्हते, चारू. फेब्रुवारी लागला आणि मी तापानं पडले. परीक्षेपर्यंत अंथरुणात होते. मी शाळेत पाऊलच टाकलं नाही."

दोघी त्या पानाकडे बघत राहिल्या. ह, ह, ह, ह. गुरुजींच्या ठसठशीत अक्षरात. फक्त मार्चच्या मधोमध एका दिवशी पेनाचं टोक कागदात घुसलं होतं, शाईचा डाग पडला होता. आणि त्यानंतरच्या दिवसांना खालून, बारीक अक्षरात लिहिलं होतं: नावे न पुकारता.

दारात कंदिलाचा उजेड पडला. नरहरी आला होता. त्यानं कंदील उंबऱ्यावर ठेवला, पण तो आत आला नाही.

"ती पोरीची आय पाच वर्सं यायची," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "दरसाल, पाऊस पडायच्या आत. त्या पायरीवर बसायची, हजेरीच्या वक्ताला. गुरुजी नावं घेत नवते, तरी बसायची. म्हनायची, नाव नाय घेतलं तरी माझी ठमी बोलते हितं. मी ऐकली. मी सांगायचो, बाई, ती तुझ्या पोरीची हजेरी नाय लावत, ती जयवंतीची लावते. ती म्हनायची, कुनाची का लावंना, बोलते ना..." त्यानं घसा साफ केला. "मी तेवा काय बोल्लो नाय. मला तात्यांनी परमनंट करून घेतलेला. तुला एकटीला दोष देत नाय मी, जयवंती."

आईनं ओढणी खांद्यावरून सारखी केली. "मी बावीवर जाऊन येते," ती म्हणाली.

"आई, नको. अंधार होतोय. बाबा येऊ देत."

"बाबा आले की मग मी जाणार नाही. चाळीस वर्षं माझं तेच झालंय." तिचा आवाज आश्चर्य वाटावं एवढा शांत होता. "तात्यांनी तर कधी तिचं नावही काढलं नाही. कुणीतरी कठड्यापाशी जाऊन सांगायला हवं, की तू नव्हतीस. की मी खोटं म्हटलं. एवढंच. पन्नास पावलं आहेत."

"मी येते बरोबर."

"नाही. तू इथेच थांब, खिडकीशी. मला हाका मार." आईनं चारुताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे गार होते. "मधून मधून हाक मार मला. मी ओ देईन. पहिल्याच हाकेला देईन, बघ."

लहानपणापासून चारुताला जे हवं होतं ते आई तिला आत्ता देत होती, असल्या ठिकाणी, असल्या वेळी. ती नाही म्हणूच शकली नाही.

आई मागच्या दारानं गेली. वाळक्या झावळ्यांवर तिची पावलं कर्र कर्र वाजत राहिली. नरहरी कंदील घेऊन बाहेरूनच वळसा घालून मागच्या दारापर्यंत गेला, पुढे जाईना. कंदील वर धरून तिथेच उभा राहिला, पाठमोरा. चारुता खिडकीच्या गजांना धरून होती. आईची फिकट ओढणी झाडांमधून दिसत होती, मग कधी दिसत होती, कधी नाही.

"आई!"

"ओ!"

पहिल्याच हाकेला. मोकळा, भरलेला, आईचाच आवाज. चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सोपं होतं का हे?

"आई, पोचलीस?"

"ओ! पोचले. इथेच आहे."

मग आई हळू आवाजात काहीतरी बोलायला लागली. शब्द कळत नव्हते. मधे मधे थांबत होती, जसं समोरच्याचं ऐकून घ्यायला आपण थांबतो. समुद्राची गाज आणि ते पुटपुटणं एकमेकांत मिसळत गेलं. आणि मग रहाट वाजला. मोडका, गंजलेला, दोर नसलेला रहाट. एकदाच, अर्धा फेरा.

"आई?"

नुसती गाज.

"आई!"

"काका, काय झालं? दिसते का ती?" तिनं नरहरीला विचारलं. नरहरीनं कंदील आणखी वर धरला.

"आई! ओ दे ना... आई, म्हणाली होतीस ना तू..."

तीन हाका झाल्या. चार. पाच. तिसऱ्या हाकेला तरी आई "काय" म्हणायचीच. बाबांना फोन लावावा म्हणून तिनं मोबाइल चाचपला. तो टेबलावर, हजेरीपटावर, उजेड वर करून पडला होता. ती टेबलाकडे धावली. उजेडात पहिल्यांदा दिसलं ते सतरावं नाव. लहानपणी मस्कतच्या बाजारात ती हरवली होती, तेव्हा बाबांनी शिकवलं होतं: नुसतं आई आई करायचं नाही, गर्दीत सगळ्याच आया असतात, नाव घेऊन हाक मारायची. भीतीच्या वेळी माणूस शिकवलेलं तेच करतो. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि रिकाम्या वर्गात उभं राहून, मास्तरांच्या टेबलामागून, ती ओरडली,

"जयवंती!"

नाव तोंडातून सुटलं आणि तेव्हा तिला नरहरीचं बोलणं आठवलं. दारात नरहरीनं झटकन मागे वळून बघितलं, तिच्याकडे नाही, तिच्या पुढे, बाकांच्या रांगेच्या टोकाला.

वाडीतून काहीच आलं नाही. पण शेवटच्या बाकाच्या उजव्या टोकावरून, जिथली धूळ आईनं पुसली नव्हती, तिथून उत्तर आलं. पहिल्याच हाकेला. जरासं नाकातलं, तोंडावर बाही धरून बोलावं तसं, आणि दिलेला शब्द पाळल्याच्या आनंदानं भरलेलं.

"हजर!"